लोखंड्याला पाणी कोण देणार?

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार सुजाताबाईंचे आहेत. आमच्या कोहिनूर गावातल्या मराठी शाळेत त्यांनी आम्हाला शिकवलं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. चित्रं काढून पोट भरता येतं, हे माझ्या वडिलांना पटवायला बाई आमच्या अंगणात किती वेळा येऊन बसल्या, ते मला सांगता येणार नाही. शेवटी वडील म्हणाले, "बाई, पटलं न्हाई, पण तुम्ही म्हणताव म्हणून जाऊ द्या." मी गेलो.

बाईंच्या वर्गात एक शब्द बंद होता. 'छान'. गोष्ट वाचून झाली, चित्र पाहून झालं, की त्या विचारायच्या. कुणी "छान आहे" म्हटलं की म्हणायच्या, "छान म्हणू नकोस. काय आवडलं ते सांग. आवडलं नसेल तर काय नाही आवडलं ते सांग."

हे सगळं सांगायचं कारण घडलं एका सोमवारी, जेव्हा माझ्या बॉसनी, राघवेंद्र सरांनी, टेबलावर हात आपटला आणि म्हणाले, "मिलिंद, डोळे मोठे कर. विषय संपला."

डोळे एका रोबोटचे होते.

आमचा अ‍ॅनिमेशन स्टुडिओ कलबुर्गीत आहे. लहान आहे. बहुतेक वेळा आम्ही दुसऱ्यांचं काम करतो. कुणीतरी अर्धवट केलेले सीन पाठवतं, आम्ही ते पुरे करून परत पाठवतो. कार्टून कुणाचं, गोष्ट काय, पुष्कळदा आम्हालाही ठाऊक नसतं. या वेळी पहिल्यांदा आमची स्वतःची मालिका होती. नाव 'लोखंड्या'. मराठी आणि कन्नड, दोन्ही भाषांत. पहिल्या भागाचा डायरेक्टर मी होतो.

पहिल्या भागाला आम्ही पायलट म्हणतो. चॅनलवाले तो पाहतात आणि बाकीचे भाग करायचे की नाही ते ठरवतात. आवडला तर मालिका. नाही आवडला तर तो भाग एका पेनड्राइव्हवर जातो, आणि पेनड्राइव्ह सरांच्या ड्रॉवरमध्ये. त्या ड्रॉवरमध्ये आधीचं बरंच काही होतं. लोखंड्या तिथं जाऊ नये, एवढीच माझी इच्छा होती.

भागाची गोष्ट सोपी होती. हायवेवरून जाणाऱ्या ट्रकमधून एक रोबोट खाली पडतो. उन्हातून चालत एका गावात येतो. गावातला हापसा बंद पडलेला असतो. लोखंड्या धावत जातो, बोटातून वीज काढतो, हापसा दुरुस्त करतो. गाव टाळ्या वाजवतं. एक भंगारवाला त्याला पळवायला बघतो, पण ते जमत नाही. समाप्त.

चॅनलच्या तन्वी मॅडमनी मुंबईहून व्हिडिओ कॉलवर भाग पाहिला आणि म्हणाल्या, "रोबोटवर प्रेम बसत नाही. डोळे फार छोटे आहेत. मोठे करा, मग बघू. पुढच्या सोमवारी निर्णय घेऊन टाकू."

डोळे मोठे करणं म्हणजे खोडून पुन्हा काढणं नव्हे. कॉम्प्युटरमधल्या पात्राला आतून एक सांगाडा असतो. त्याला रिग म्हणतात. कठपुतळीच्या दोऱ्या समजा. डोळे बदलले की चेहऱ्याच्या सगळ्या दोऱ्या नव्यानं बांधाव्या लागतात, आणि मग लोखंड्या जिथं जिथं दिसतो तो प्रत्येक सीन पुन्हा करावा लागतो. सोमवारपर्यंत ते होणं शक्य नव्हतं. आणि मला वाटत होतं की खोट डोळ्यांत नाहीच.

ऑफिसात दोन दिवस भांडण चाललं. अर्धे म्हणाले डोळे. काही म्हणाले संगीत. एकजण म्हणाला, त्याला एक कुत्रं द्या, कुत्रं दिलं की कशावरही प्रेम बसतं.

"येनप्पा मिलिंद," सर म्हणाले, "डोळे नाही, तर मग काय चुकलंय?"

"माहीत नाही सर."

"माहीत नाही, हे मॅडमना कोणत्या भाषेत सांगू? मराठीत का कन्नडात?"

सर मूळचे कलबुर्गीचेच. घरी कन्नड, ऑफिसात सगळं. माणूस रागीट नाही, पण घाबरला की टेबल आपटतो.

मग आम्ही टेस्ट घ्यायचं ठरवलं. मुलांना भाग दाखवायचा आणि काय वाटलं ते विचारायचं. एका मोठ्या शाळेत गेलो. वर्गाच्या मागं मुख्याध्यापिका उभ्या होत्या. मुलांनी हाताची घडी घालून भाग पाहिला. "कसा वाटला?" असं विचारलं तर सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "सुपर, सर!" बाहेर पडताना मला बाईंचा वर्ग आठवला. मी सरांना म्हणालो, "रविवारी कोहिनूरला जाऊ या."

"तुझ्या गावाला? तिथं कोण सांगणार?"

"तिथं सगळेच सांगतात सर. न विचारता सांगतात."

सुजाताबाई आता रिटायर झाल्या आहेत. रविवारी दुपारी समाजमंदिरात मुलांसाठी वाचनवर्ग घेतात. एक टीव्हीही आहे. मी फोन केला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "आण. पण तुझा आहे म्हणून चांगलं बोलणार नाही."

आम्ही पोचलो तेव्हा ऊन चांगलंच होतं. समाजमंदिराच्या शेजारी शिवम्मा अक्कांचं घर आहे. गाडी थांबलेली बघून अक्का दारात आल्या. हातात पाण्याचा तांब्या आणि वाटीत गूळ. आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला आधी गूळ-पाणी देतात, मग कोण कुठला ते विचारतात. मी खडा तोंडात टाकला, पाणी प्यायलो. सरांनी पाणी घेतलं. गुळाचा खडा हातात घेतला. चांगला लिंबाएवढा होता. अक्का कौतुकानं बघत उभ्या होत्या. सर हसले, "आत जाऊन खातो अक्का," म्हणाले आणि मूठ मिटली.

सरांना शुगर आहे. ऑफिसात वाढदिवसाचा केक आला की ते जिन्यात जाऊन उभे राहतात. मला हे माहीत होतं, पण त्या क्षणी माझं लक्ष पेनड्राइव्हकडे होतं.

टीव्हीसमोर मुलं होती आणि मुलांच्या मागं मोठी माणसंही येऊन बसली. कामधंद्याची सुट्टी, त्यात गावातल्या पोरानं केलेलं कार्टून. भाग सुरू झाला. संपला. कुणी टाळी वाजवली नाही. बाईंनी टीव्ही बंद केला आणि खुर्ची फिरवून बसल्या.

"छान हा शब्द बंद. बोला."

पहिल्यांदा बोलले इस्माईलचाचा, आमच्या गावचे टेलर. "मी बोलतो. त्यो भंगारवाला बरोबर हाय. रस्त्यावर लोखंड पडलंय, मालक दिसत न्हाई. मग ते कुणाचं? भंगारवाल्याचंच. उगं त्याला मोठ्या मिशा लावून बदनाम करायलाव."

"चाचा, पण लोखंड्या जिवंत हाय," पाचवीतली रेणुका म्हणाली.

"जिवंत हाय तर बोलला कामून न्हाई?"

"त्याला तोंडच न्हाई. तुम्ही बघायलताव का झोपायलताव?"

सगळे हसले. चाचाही हसले. मागून एक मुलगा म्हणाला, "पण हिरो उडतंय तर. हे नुसतंच चालायलंय."

"उडणारे लई झालेत," रेणुका म्हणाली. "चालणारा बरा. आपल्याला बी संगं जाता येतंय."

लगेच दोन पार्ट्या पडल्या. उडणारा विरुद्ध चालणारा. आवाज वाढला. सरांना राहवेना. त्यांनी हात वर करून विचारलं, "डोळे कसे वाटले? छोटे वाटतात?"

"हायत की डोळे," चाचा म्हणाले. "दोन हायत. अजून किती पायजेत?"

मी वहीत लिहीत होतो, पण लिहिलेलं कामाचं नव्हतं. दारात टेकून बसलेल्या शिवम्मा अक्का इतका वेळ काही बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "अय्यो, त्या रोबोटचं काय घेऊन बसलाव? रोबोट बरा हाय. गाव वाईट हाय."

सगळे त्यांच्याकडे वळले. बाई म्हणाल्या, "नीट सांगा अक्का."

"एवढ्या उन्हातून चालत आलाय बिचारा. पारावर माणसं बसलीत. एकानं तरी 'ये, बस' म्हटलं का? गूळ न्हाई, पाणी न्हाई. काम करून घेतलं अन् टाळ्या वाजवल्या. असल्या गावात मी पोरगी देणार न्हाई."

"अक्का, तो लोखंडाचा हाय," मी म्हणालो.

"मला दिसतंय की. पाणी पिला तर गंजील, ते बी कळतंय. पण विचारायला काय जायलाय तुमचं?"

मी याच गावात वाढलो. आमच्या घराचं कनेक्शन तोडायला वायरमन आला होता, तेव्हाही माझ्या आईनं त्याला आधी पाणी दिलं होतं. मग त्यानं कनेक्शन तोडलं. आणि मी गाव काढलं ते असं. त्याला कारण होतं. कोर्समध्ये आम्हाला शिकवलं होतं की पहिल्या दोन मिनिटांत हिरोनं काहीतरी मोठं केलं पाहिजे, नाहीतर मूल चॅनल बदलतं. म्हणून मी लोखंड्याला वेशीतून थेट हापशाकडे पळवला. त्याला पाणी विचारायला मी कुणाला वेळच ठेवला नव्हता.

इकडे वाद पुढं गेला होता. उडणं-चालणं सगळे विसरले. आता प्रश्न एकच. पाणी दिलं असतं तर लोखंड्यानं काय केलं असतं?

"नक्को म्हणला असता," चाचा म्हणाले.

"आमच्या दारात नको म्हणत न्हाईत," अक्का म्हणाल्या.

"मग पिऊन टाकील," रेणुका म्हणाली.

"शॉर्ट हुईल की गं!"

"मग सांडून टाकील, गपचिप."

"अन्नपाणी सांडतेत व्हय? तुझ्या आईला सांगू का?"

बाईंनी हात वर केला. त्या अजून स्वतःचं काहीच बोलल्या नव्हत्या. "त्याला पिता येत नाही. नको म्हणता येत नाही. सांडता येत नाही. मग तो काय करील? मिलिंद, हे मला बघायचंय."

माझ्या धंद्यात याच्याइतकं मोलाचं वाक्य नाही. अख्खा भाग पाहून कुणीही 'पुढं काय झालं असतं' असं म्हटलं नव्हतं. वीज निघाली, हापसा चालला, भंगारवाला हरला, कुणाला त्याची काही पडली नव्हती. आता सगळं समाजमंदिर एका तांब्यासाठी अडून बसलं होतं. पण काय करील, ते मलाही सुचत नव्हतं. म्हणून मी सरांकडे पाहिलं.

सर ताठ बसले होते. उजव्या हातात पेन होतं. वही घसरू नये म्हणून ती डाव्या कोपरानं दाबून धरली होती. कारण डावा हात मोकळा नव्हता. डावी मूठ मिटलेली होती आणि बोटांच्या फटीतून गुळाचा पाक मनगटावर उतरला होता. बाहेरून आत आले, खुर्चीवर बसले, भाग पाहिला, डोळ्यांबद्दल विचारलं, सगळं एका हातानं.

"सर," मी ओरडलोच, "मूठ उघडू नका!"

आता सगळे सरांकडे बघायला लागले. अक्का उठून उभ्या राहिल्या. "अय्यो! खाल्ला न्हाई व्हय अजून?"

"अक्का, शुगर आहे मला," सर खाली बघत म्हणाले.

"मग सांगायचं की!"

"कसं सांगू? तुम्ही एवढ्या प्रेमानं दिलात."

चाचा हसून हसून खाली बसले. अक्का पदरात तोंड लपवून हसल्या. मी मात्र सरांची मूठ, कोपराखालची वही आणि चेहरा, तिन्हींची चित्रं वहीत भराभरा काढत होतो. लोखंड्या मला सापडला होता.

सरांचा हात धुवायला आम्ही अंगणातल्या हापशावर गेलो. तो सकाळपासून कुणी चालवला नव्हता. दांडा हलवला तर नुसता खटखट वाजला. रेणुकानं अक्कांच्या घरातून पाण्याचा तांब्या आणला आणि हापशाच्या डोक्यातून आत पाणी ओतलं. ज्यांनी हापसा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. जुन्या हापशाच्या आत चामड्याचं एक वायसर असतं. ते सुकलं की पाणी वर ओढत नाही. वरून तांब्याभर पाणी ओतलं की ते ओलं होतं, फुगतं आणि पाणी धरतं. हे मी लहानपणी रोज केलंय. त्या दिवशी मात्र मी त्या तांब्याकडे असा बघत राहिलो की रेणुकाला वाटलं मला तहान लागली आहे.

हात धुतला, पण गूळ टाकवेना म्हणून सरांनी तो कागदात बांधून गाडीच्या खणात ठेवला.

परतताना गाडीत आम्ही नवा सीन ठरवला. लोखंड्या वेशीतून येतो. एक बाई त्याला गूळ-पाणी देते. गूळ तो छातीच्या खणात ठेवतो. पाण्याचं काय करायचं ते त्याला कळत नाही. तेवढ्यात हापशावर गडबड होते. तो तांब्या हातात धरूनच तिकडे जातो आणि एका हातानं हापसा उघडायला लागतो. दुसऱ्या हातातला एक थेंबही सांडू देत नाही. बाई बघते आहे ना! सगळं जोडतो, दांडा हलवतो, नुसता खटखट. बोटातली वीज मी काढून टाकली. लोखंड्या हापशाकडे बघतो, तांब्याकडे बघतो, बाईकडे बघतो. मग पाणी हापशात ओततो. पाणी येतं. तो पहिला तांब्या भरतो आणि बाईला परत देतो.

सगळा सीन नव्यानं रंगवायला वेळ नव्हता. आम्ही अ‍ॅनिमॅटिक केलं. म्हणजे कच्ची चित्रं एकामागून एक लावायची आणि आपलेच आवाज द्यायचे. लोखंड्याला तोंड नाही, पण तो अडचणीत सापडला की आतून 'अं...' असा एक आवाज येतो. तो सरांनी दिला. एका टेकमध्ये.

सोमवारी कॉलवर तन्वी मॅडमनी ते पाहिलं. पहिल्यांदा हसल्या ते लोखंड्या तांब्या सावरत एका हातानं नट फिरवतो तिथं. संपल्यावर म्हणाल्या, "आणि गूळ? तो छातीत तसाच राहिला. त्याचं काय होतं?"

मी सरांकडे पाहिलं. गुळाचं आम्ही विसरलोच होतो.

"मुंग्या लागतात मॅडम," सर म्हणाले.

हे त्यांनी इतक्या खात्रीनं सांगितलं, कारण त्या दिवशी सकाळी ते गाडी सोडून रिक्षानं ऑफिसला आले होते.

मॅडम खूप हसल्या. "शेवट हाच करा. मुंग्यांची रांग चढते, लोखंड्याला गुदगुल्या होतात. दुसरा भाग तिथून सुरू." मग जरा पुढं वाकून स्क्रीनकडे बघत म्हणाल्या, "बघितलंत? मी सांगत होते ना. डोळे बदलल्यावर किती बोलका झाला!"

डोळे तेच होते. एका रेघेनंही बदलले नव्हते. मी तोंड उघडलं. टेबलाखाली सरांनी माझ्या पायावर पाय ठेवला.

"हो मॅडम," ते म्हणाले, "या वेळी डोळ्यांकडे जरा नीट बघितलं."

मालिका मंजूर झाली. ड्रॉवर बंद राहिला.

यातून मी एवढंच शिकलो की क्लायंट दुखतंय म्हणाला तर ते खरं मानावं. कुठं दुखतंय ते मात्र आपणच शोधावं, आणि सापडल्यावर फार बोलू नये.

भाग पुरा झाल्यावर मी बाईंना पत्र पाठवलं. त्यांच्याकडे मोबाइल आहे, पण फोनवरचे आभार त्या धरत नाहीत.

*

आदरणीय बाईंना,

साष्टांग नमस्कार.

लोखंड्या मंजूर झाला आणि पहिला भाग पुरा झाला. पाण्याचं तो काय करतो, ते तुम्हाला बघायचं होतं. सोबत पेनड्राइव्ह पाठवतोय. माझा आहे म्हणून चांगलं बोलू नका. काय आवडलं नाही ते सांगा. दुसरा भाग अजून कच्चा आहे, दुरुस्त करता येईल.

भागाच्या शेवटी नावं येतात. तुमचं, शिवम्मा अक्कांचं, इस्माईलचाचांचं आणि रेणुकाचं नाव घालायचं होतं. चॅनलवाल्यांनी विचारलं की यांचं काम काय लिहायचं. त्यांच्याकडे सल्लागार, सहाय्यक असे ठरलेले शब्द आहेत. मी 'पाहुणचार' असं लिहिलं आणि खाली तुम्हा सगळ्यांची नावं. त्यांनी एकदा विचारलं, हे कुठलं खातं? मी म्हटलं, आमच्याकडे सगळ्यात आधी लागतं ते. पुन्हा विचारलं नाही.

चाचांना सांगा, भंगारवाल्याच्या मिशा लहान केल्या आहेत.

वडिलांनी भाग पाहिला. ते म्हणाले, "छान हाय." मी काय आवडलं ते विचारलं. विचार करून म्हणाले, "शेवटी तुझं नाव आलं ते." बाई, हे उत्तर तुम्ही चालवून घ्याल का? मी घेतलं. त्या अंगणात तुम्ही बसला नसतात तर ते नाव तिथं आलं नसतं, हे मला माहीत आहे आणि त्यांनाही.

पुढच्या रविवारी येतोय. राघवेंद्र सरही येणार म्हणतात. अक्कांना सांगा की त्यांच्यासाठी गूळ काढू नका, नुसतं पाणी द्या. सांगूनही अक्का काढतीलच, आणि सर नको म्हणणार नाहीत. म्हणून मी घट्ट झाकणाची एक डबी घेऊन येतोय.

तुमचा विद्यार्थी,
मिलिंद